लासोचा दुसरा वेढा

निशिगंधा रस्त्यात उभी राहून गाड्या अडवते. ही तिची नोकरी आहे, आणि खरं सांगायचं तर स्वभावही आहे. हातात लांब दांड्याची पाटी, पाटीच्या एका बाजूला ‘स्टॉप’ आणि दुसऱ्या बाजूला ‘गो’, अंगात नारिंगी जाकीट, पायात जाडजूड बूट. पुण्याहून बिझनेसचा डिप्लोमा करायला आलेली ही मुलगी ख्राइस्टचर्चच्या रस्त्यांवर नारिंगी कोन मांडते, हे तिच्या सासरी फार दिवस कळलंच नव्हतं. ‘ट्रॅफिक मॅनेजमेंट’ एवढं त्यांना ठाऊक होतं, आणि ते काहीतरी कॉम्प्युटरचं असणार असं त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं.

मी श्यामला. रिकार्टनला माझं किराण्याचं दुकान आहे. जवळपासचा रस्ता खणलेला असला की निशी दुपारचा डबा माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून खायची. त्यामुळे तिच्या संसारातली जी गोष्ट कोणालाच माहीत नव्हती ती मला माहीत झाली. माझ्या पोटात काही राहत नाही असं माझा नवरा चारचौघांत सांगतो. ही राहिली, आणि ठेवताना मला फार जड गेलं.

सुरुवात दोन हजार अकराच्या भूकंपापासून करायला हवी. क्षितिज तेव्हा युनिव्हर्सिटीत शिकत होता. तो भाड्यानं राहायचा त्या घराची एक भिंत अंगणात जाऊन पडली. निशी आणि तिचा नवरा धैर्यशील हॉर्नबीला राहायचे. त्यांच्या घराला तडे गेले होते, पण घर उभं होतं. कोणाच्या तरी ओळखीनं हा पोरगा त्यांच्या दारात आला, पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, आणि पाठीला लॅपटॉप, एवढीच त्याची इस्टेट. ‘थोडे दिवस राहा’ म्हणाले, तो शिक्षण संपेपर्यंत राहिला. पुन्हा धक्का बसला की तिघं जेवणाच्या टेबलाखाली शिरायचे. धैर्यशील इमारतींचा इंजिनिअर. पडक्या बिल्डिंगी तपासून दमून यायचा, आणि टेबलाखाली बसून असले विनोद सांगायचा की निशी हसता हसता त्याला चापट मारायची. नवरा-बायको म्हणजे हे असे असतात, हे क्षितिजच्या डोक्यात तिथेच पक्कं बसलं. तिला तो निशीताई म्हणायचा, त्याला दादा.

धैर्यशील वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्हाला त्याचा राग येईल. मला तर अजून येतो. त्याला एकच खोड. बायकोला त्रास होऊ नये म्हणून तो सगळं स्वतःच ठरवायचा आणि मग तिला सांगायचा. दोन हजार पंधरात निशीची सुपरवायझरची परीक्षा होती. तिचे वडील सांगलीला हॉस्पिटलमध्ये होते आणि फोन धैर्यशीलला आला होता. परीक्षा होईपर्यंत तो गप्प राहिला. ती पास झाली, त्यानं सांगितलं, ती विमानात बसली, आणि सिंगापूरला विमान बदलताना वडील गेल्याचा मेसेज आला. ‘तुला त्रास नको म्हणून,’ एवढंच त्याला म्हणता आलं. तिनं ते गिळलं. पुढच्या वर्षी त्यानं ऑकलंडची नोकरी घेतली, तिथल्याच मनुरेवा भागात फ्लॅट घेतला, आणि मग केक आणून तिला सांगितलं की सरप्राइज आहे.

“तू जा,” निशी म्हणाली. “मी येणार नाही.”

भांडण नाही, आदळआपट नाही. तो गेला. लोकांना सांगितलं, नोकरीसाठी गेलाय. इथवर ठीक होतं. पण मग या दोघांनी जे केलं ते फक्त आपली माणसंच करू जाणोत. धैर्यशील दर गणपतीला विमानानं यायचा. सोवळं नेसून पाटावर बसायचा, शेजारी निशी नऊवारीत, तिची बोटं त्याच्या कोपराला लागलेली. गुरुजी संकल्पात त्याचं नाव घ्यायचे. आरती व्हायची, मोदक व्हायचे, आणि सुट्टी संपली की तो परत. दिवाळीलाही तेच. महाराष्ट्र मंडळातल्या बायका म्हणायच्या, लांब राहून सुद्धा किती जमतं बघा यांचं! मी तिथे वाटीत आमटी वाढत असायचे आणि माझे दात आवळले जायचे.

“किती दिवस हे नाटक?” मी तिला विचारलं.

“घटस्फोटाआधी कायद्यानं दोन वर्षं वेगळं राहावं लागतं, ती मुदत भरू दे. मग सांगू सगळ्यांना. आईला आता नको गं, बाबांनंतर ती कशीबशी सावरलीय.”

म्हणजे नवऱ्याचं दुखणं हिलाही लागलं होतं. ते मी तिला तोंडावर सांगितलं. ती दोन दिवस डबा खायला आली नाही.

इत्सेल आमच्या गोष्टीत आली ती बेकरीतून. मेक्सिकोतल्या पुएब्ला गावची मुलगी, वर्किंग हॉलिडेचा व्हिसा घेऊन फिरायला आलेली, हॉर्नबीच्या एका बेकरीत पहाटेपासून कणीक मळायची. क्षितिज तिथे ‘पाय’, म्हणजे सारण भरलेली खारी, घ्यायला जायचा. आमचा हा शुद्ध शाकाहारी मुलगा रोज सकाळी चीज पाय का खातो ते आम्हाला सहा महिने कळलं नाही. कळलं तेव्हा लग्न ठरलेलं होतं. दोन हजार अठराच्या फेब्रुवारीत आधी तिच्या रिवाजानं चर्चमध्ये, मग दुसऱ्या दिवशी आपल्या पद्धतीनं हॉलमध्ये.

एका रविवारी दोघं निशीच्या घरी आले. इत्सेलनं तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि विचारलं, तू आणि धैर्यशील आमचे लासोचे पाद्रिनो व्हाल?

तिच्याकडे लग्नात प्रत्येक वस्तूला पाद्रिनो असतात, म्हणजे पाठीशी उभी राहणारी वडीलधारी माणसं; बाई असली तर माद्रिना. आपल्याकडे मामा पाठीशी उभा राहतो तसे, पण त्यांच्याकडे फुलांना वेगळे, अंगठ्यांना वेगळे. नवरा नवरीच्या ओंजळीत तेरा नाणी ओततो, घर दोघांचं आणि विश्वासही दोघांचा म्हणून, त्या नाण्यांनाही वेगळे. पण सगळ्यांत मोठा मान लासोवाल्यांचा. लासो म्हणजे मण्यांची लांब दुहेरी माळ. शपथा झाल्या की नवरा-नवरी गुडघे टेकतात, आणि एक जोडपं येऊन इंग्रजी आठच्या आकड्यासारखे त्या माळेचे वेढे दोघांच्या खांद्यांवर घालतं. एक त्याच्या, एक तिच्या. तसेच बांधलेले ते प्रार्थना संपेपर्यंत बसतात. आणि लासो घालणारं जोडपं असं हवं की ज्यांचा स्वतःचा संसार टिकला आहे. पुढे भांडण झालं की नवरा-बायकोनं त्यांच्याच दारात जायचं असतं.

भिंतीवर गणपतीच्या पूजेचा फोटो होता, निशीची बोटं धैर्यशीलच्या कोपराला लागलेली. इत्सेल त्या फोटोजवळ गेली.

“ही किती सुंदर पद्धत आहे,” ती म्हणाली. “तो देवाशी बोलतोय आणि तू त्याला सोडत नाहीयेस.”

मग तिनं आपल्या आईची गोष्ट सांगितली. तिच्या आईला, सोकोरोला, लासो घातला होता तिच्या काका-काकूंनी. ते दोघं तेव्हाच वेगळे राहत होते, पण गावात अब्रू जाईल म्हणून लग्नापुरते एकत्र आले. पुढे इत्सेलचे वडील कामासाठी उत्तरेला गेले ते परत आलेच नाहीत. सोकोरो आजही म्हणते, माझ्या खांद्यावर खोटा लासो पडला.

“मी काही एवढं मानत नाही,” इत्सेल हसून म्हणाली, “पण मला खरं जोडपं हवंय. क्षितिज म्हणाला, मला एकच माहीत आहे.”

आणि निशिगंधा, जी चाळीस टनी ट्रकपुढे पाटी धरून उभी राहते, ती ‘हो’ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात तिनं डबा उघडलाच नाही. “त्यांच्या तोंडाकडे बघून शब्दच फुटला नाही गं ताई. आता काय करू?”

“काय करू म्हणजे? फोन उचल आणि सांग.”

“क्षितिज नातं तोडेल माझ्याशी.”

“मग तोडू दे.”

हे बोलणं मला सोपं होतं. मला मुलगा आहे. तिला मूल नाही, आणि त्या पोरानं पहिल्या पगारातून तिला साडी आणली होती. तो तुटला तर तिचं इथे कोण, आणि न सांगावं तर त्या बिचाऱ्या मुलीच्या खांद्यावर जाणूनबुजून खोटा लासो घालायचा. निशीला झोप लागेना. कामावर एकदा तिनं पाटी उलटी धरली, दोन्ही बाजूंच्या गाड्या समोरासमोर आल्या, आणि साहेबानं तिला घरी पाठवलं.

ती सांगायचं ठरवायची आणि काहीतरी आडवं यायचं. सोकोरो आली त्या दिवशी निशी विमानतळावर गेली ती सांगायच्याच तयारीनं. सोकोरोबाई बाहेर आल्या त्या रडतच. नवरीच्या केसांत माळायला त्यांनी संत्र्याची वाळवलेली फुलं आणली होती, त्यांच्या आईच्या झाडाची. बाहेरची झाडं-पानं-बिया या देशात चालत नाहीत, ती काढून घेतली. त्या फुलांशिवाय नवरी म्हणजे त्यांना अपशकुनच. बाईंनी पर्समधून एक डबी काढली आणि निशीच्या हातात ठेवली. इत्सेलनं भाषांतर केलं, “आई म्हणतेय, फुलं गेली तर गेली, लासो राहिला. आता सगळं तुझ्या हातात.”

यावर निशी काय बोलणार, डोंबल! डबी घेऊन घरी आली.

लग्नाच्या आदल्या दुपारी चर्चमध्ये तालीम होती. धैर्यशील ऑकलंडहून आला होता, नवा सूट, नेहमीसारखा हसतमुख. त्यानं सोकोरोला वाकून नमस्कार केला आणि तिनं त्याचा गालगुच्चा घेतला. मी फुलांच्या बादल्या आत-बाहेर करत होते. सोकोरोनं डबी उघडली. काचेचे पांढरे मणी, मध्ये चांदीचा क्रूस. तिनं दाखवलं, आधी नवऱ्याच्या खांद्यावर, मग मधे एक पीळ, मग नवरीच्या.

“आणि गाठ कुठे मारायची?” निशीनं विचारलं. आपल्याकडे उपरण्याला आणि शालूला गाठ मारतात, म्हणून तिला वाटलं इथेही असेल.

सोकोरोनं मान जोरात हलवली. इत्सेल म्हणाली, “आई म्हणते, गाठ नाही. गाठ मारली की लोक विसरून जातात. वेढा घसरतो, म्हणून दोघांनी तो सांभाळत बसायचं.”

निशीनं लासो खाली ठेवला आणि ती बाहेर पार्किंगमध्ये गेली. क्षितिज तिच्या मागोमाग. मी गाडीतून बादल्या काढत होते, तिथून हललेही नाही. हलायला हवं होतं का? मला नाही वाटत.

“क्षितिज, ऐक. मी आणि दादा वेगळे झालोय. ऑकलंडला गेला तेव्हापासूनच. मला आधीच सांगायला हवं होतं.”

क्षितिज बुटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “ताई, मला माहितेय.”

“काय माहितेय?”

“गेल्या वर्षी ऑकलंडला ट्रेनिंगला गेलो होतो ना, दादाकडेच राहिलो. दादानं सांगितलं मला सगळं.”

निशी एक पाऊल मागे सरली. “आणि तरी तू आम्हाला लासो घालायला सांगितलंस?”

“म्हणूनच सांगितलं! आम्हाला वाटलं, तुम्ही दोघं एकत्र उभे राहिलात, लासो धरलात, तर… आय मीन, दादाला अजून तू हवीयेस. तुला आधी सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस. इट वॉज फॉर यू, ताई.”

धैर्यशील तोवर दारात येऊन उभा राहिला होता. निशीनं त्याच्याकडे बघितलं.

“आम्हाला म्हणजे कोणाला रे? तुम्हा दोघांना?”

“निशी, तुला त्रास होऊ नये म्हणून…” तो म्हणाला, आणि स्वतःच थांबला. वाक्य तोंडातून निघून गेलं होतं.

मला वाटलं आता ही ओरडणार. ती ओरडली नाही. ती क्षितिजकडे वळली. “इत्सेलला माहितेय?”

“नाही. ताई प्लीज. तिला कळलं तर ती लग्न करणार नाही. तिच्या आईचं तुला माहितेय ना. उद्याचा एकच दिवस. मग मी सांगतो तिला हळूहळू, आय प्रॉमिस.”

“नाही करणार तर नाही करणार. ते तिनं ठरवायचं, तू नाही. माझ्या बाबांचं काय झालं ते दादानं सांगितलं ना तुला? मग त्यातून हेच शिकलास?” तिनं त्याचा दंड धरला. “उद्या ती चर्चमध्ये पाय ठेवायच्या आत तू तिला सांगायचंस. तू स्वतः. नाही सांगितलंस तर मी सांगेन, मग ती जिथे असेल तिथे.”

क्षितिज पुन्हा बुटाकडे बघायला लागला. मी बादली उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं. एका बाजूला इत्सेलच्या बेकरीतली माणसं आणि गावातले पाच-सहा मेक्सिकन, दुसऱ्या बाजूला अख्खं महाराष्ट्र मंडळ पैठण्या नेसून. मी पुढच्या बाकावर सोकोरोच्या शेजारी. निशी आणि धैर्यशील त्याच बाकावर पलीकडे, मधे अंतर ठेवून. निशीच्या मांडीवर ती डबी. क्षितिज पुढे उभा होता, पण त्यानं एकदाही मागे वळून निशीकडे बघितलं नाही. सांगितलं की नाही सांगितलं? निशी त्याच्या पाठीकडे बघत होती आणि मी निशीकडे.

इत्सेल आली. डोक्यावरून पांढरी जाळीदार ओढणी, हसरी, सगळ्यांना मान हलवत. तिला कळलं असेल तर ती अशी हसेल का? की कळूनही हसतेय? मला काही सांगता येईना. फादर म्हातारे, किवी, आवाज मऊ. शपथा झाल्या. ‘हो’ म्हणताना क्षितिजचा आवाज चिरकला, मंडळातल्या बायका कौतुकानं हसल्या. ओंजळीत नाणी पडली. सह्या अजून व्हायच्या होत्या, त्या इथे शेवटी होतात. म्हणजे अजून वेळ होता, एवढंच माझ्या डोक्यात.

फादर म्हणाले, “लासोचे पाद्रिनो पुढे येतील का?”

दोघं उठले. नवरा-नवरीनं गुडघे टेकले. निशीच्या हातात लासोचं एक टोक, धैर्यशीलच्या हातात दुसरं. निशी क्षितिजच्या खांद्याकडे गेलीच नाही. ती सरळ इत्सेलच्या बाजूला आली, वाकली आणि तिच्या कानाशी काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते तिनं मला नंतर सांगितलं. “क्षितिजनं तुला काही सांगितलं का?”

“काय?” इत्सेल म्हणाली. हसतच म्हणाली.

निशी सरळ उभी राहिली. तिनं धैर्यशीलच्या हातातलं टोक काढून घेतलं, अख्खा लासो आपल्या मनगटावर गुंडाळला, आणि क्षितिजपुढे जाऊन थांबली. रस्त्यावर ती असते ना, अगदी तशी. पाय रोवलेले, चेहऱ्यावर काही नाही. जोपर्यंत रस्ता मोकळा होत नाही तोपर्यंत कोणी पुढे जायचं नाही.

बाकांवरून माना उंचावल्या. मागून कोणीतरी कुजबुजलं, “गुंतला वाटतं.” दुसरी म्हणाली, “आपला सोपा असतो बाई, नुसती गाठ.” फादरनी पुस्तकातून मान वर केली. गिटारवाल्यानं उगीच दोन तारा छेडल्या आणि थांबला. सोकोरोनं माझा हात धरला. “के पासा?” तिनं विचारलं. मला स्पॅनिश येत नाही, पण काय विचारलं ते कळलं. मी नुसती तिचा हात धरून बसले.

क्षितिजनं निशीकडे बघितलं. मग गुडघ्यांवरच तो इत्सेलकडे वळला आणि बोलायला लागला. हळू आवाजात, थांबत थांबत. आम्हाला एक शब्द ऐकू येत नव्हता, फक्त तिचा चेहरा दिसत होता. हसू गेलं. मग भुवया जवळ आल्या. मग तिनं धैर्यशीलकडे बघितलं, मग निशीकडे. तिचे डोळे भरले आणि मला वाटलं, आता ही उठते. ओढणी काढते आणि जाते. सोकोरोचं एक पाऊल बाकाबाहेर पडलं होतं.

“आणि तू?” इत्सेल निशीला म्हणाली. हे मात्र पुढच्या बाकापर्यंत ऐकू आलं.

“मी त्या रविवारीच सांगायला हवं होतं,” निशी म्हणाली. “तुझ्या तोंडावर मी खोटं ‘हो’ म्हणाले. मला हे घालायचा हक्क नाही.”

तिनं मनगटावरचा लासो सोडवला आणि इत्सेलच्या हातात दिला.

इत्सेल तो मांडीवर घेऊन बसून राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, मला तर फार वाटला. मग तिनं एक वेढा उचलला आणि ओढणीवरून आपल्या स्वतःच्या खांद्यांवर घातला. दुसरा वेढा तिनं मुठीत धरला आणि मांडीवर ठेवला. फादरकडे बघून तिनं मान हलवली, म्हणजे चालू द्या.

फादर बिचारे गोंधळले होते, पण त्यांनी चालू केलं. पूर्ण प्रार्थना तशीच झाली. तिच्या खांद्यावर अर्धा लासो, अर्धा तिच्या मुठीत, आणि शेजारी क्षितिज मोकळ्या खांद्यांनी, मान खाली घालून. कधी नव्हे ते मी देवाला हात जोडले. कुठल्या देवाला ते विचारू नका. सोकोरोला सगळं कळलं होतं, आया कळून घेतात. तिचे ओठ पुटपुटत होते आणि नखं माझ्या हातात रुतत होती. सह्यांचं टेबल बाजूला मांडून ठेवलेलं होतं.

शेवटचा आशीर्वाद द्यायला फादरनी हात वर केला, तेव्हा इत्सेल क्षितिजकडे वळली.

“माझ्या भल्यासाठी म्हणून पुन्हा कधी माझ्यापासून काही लपवशील?”

त्यानं नकारार्थी मान हलवली.

“तोंडानं बोल.”

“नाही,” तो म्हणाला. “नाही लपवणार.”

मग तिनं दुसरा वेढा त्याच्या डोक्यावरून घातला. चांगला जोरात घातला, त्याचा चष्मा वाकडा झाला. मागे मंडळात हशा पिकला, त्यांना वाटलं ही मेक्सिकन गंमत असेल. सोकोरोनं माझा हात सोडला आणि रडायला लागली. मीही लागले, उगाच खोटं कशाला सांगू.

लासो घालायचा मान गेला, पण तो काढायचा राहिला होता. तोही पाद्रिनोंनीच काढून नवरीच्या हातात द्यायचा असतो. इत्सेलनं निशीकडे बघून हात पुढे केला. निशी उठली. धैर्यशील अर्धवट उठला, आणि मग त्यानं विचारलं, “मी येऊ का?”

इतक्या वर्षांत त्यानं ठरवायच्या आधी विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. निशीनंही ऐकलं. ती त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली, रागानं नाही.

“नको,” ती म्हणाली. तो खाली बसला.

तिनं एकटीनं लासो काढला. सह्या झाल्या. बाहेर आल्यावर इत्सेल तिला म्हणाली, मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे, पण माझं याच्याशी भांडण झालं की मी तुझ्याकडेच येणार, माद्रिना. तू थांबवतेस. निशी नुसती तिला धरून उभी राहिली. क्षितिज मात्र महिनाभर तोंड चुकवत होता. मग एका संध्याकाळी माझ्या दुकानातून नारळ घेऊन तिच्याकडे गेला, माफी मागायला नारळ लागतो असं त्याला कोणी सांगितलं देव जाणे.

मंडळात जे व्हायचं ते झालं. काही बायकांनी फोन केले, काहींनी करायचे बंद केले. निशीनं सांगलीला स्वतः फोन लावून आईला सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग आई म्हणाली, “गणपतीला तू त्याच्याकडे बघत नसायचीस. फोटोत दिसायचं मला.” निशी त्या दिवशी माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून पोटभर रडली, आणि मग पोटभर जेवली.

सप्टेंबरात गणपती आले. मूर्ती तिच्याच घरी, हॉर्नबीला. पूजेला रमण गुरुजी, एरवी आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअर लिहितात आणि गणपतीत सोवळं नेसतात. पाट एकच मांडला होता. गुरुजींनी पाटाकडे बघितलं, शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघितलं. त्यांना सगळं माहीत होतंच, पण शास्त्राची अडचण.

“यजमान नाहीत तर त्यांच्या जागी सुपारी मांडू या,” ते म्हणाले आणि तबकात हात घातला.

“सुपारी नको,” निशी म्हणाली. “मी बसलेय ना. माझं नाव घ्या.”

गुरुजींचा हात तबकातच राहिला. घरात मंडळातली बरीच जणं होती, सगळी गुरुजींकडे बघत होती. शेवटी गुरुजींनी पळीभर पाणी तिच्या उजव्या तळहातावर सोडलं आणि संकल्पात तिचं नाव घेतलं. निशिगंधा. पाणी बोटांतून गळायला लागलं.

इत्सेल भिंतीशी बसली होती. वरच्या त्या जुन्या फोटोची जागा आता रिकामी होती, पण तिनं तो नीट बघून ठेवलेला होता. ती उठली, निशीच्या शेजारच्या मोकळ्या जागेत येऊन मांडी घालून बसली, आणि तिनं आपली बोटं निशीच्या कोपराला लावली.

गुरुजींनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पुढचा मंत्र सुरू केला.